वैनगंगेचा पूर : त्याची चाल व शेतकऱ्यानें घ्यावयाची खबरदारी

पावसाळा हा आपल्या धानाच्या मुलुखाचा अन्नदाता आहे, आणि त्याच पावसाळ्यांत नदीकांठच्या गांवांचें मोठें नुकसानही होतें. दुष्काळाची चिंता शेतकरी वर्षभर वाहतो; पुराची चिंता मात्र पाणी दारांत आल्यावर करतो. याचें एक कारण असें कीं, पूर हा एकाएकीं कोसळणारा दैवी कोप आहे, अशी समजूत फार जुनी आहे. डोंगरउताराच्या नाल्यांच्या बाबतींत ती बरीचशी खरीही आहे. वैनगंगेसारख्या मोठ्या नदीच्या बाबतींत मात्र ती खरी नाहीं. मोठी नदी चढण्यापूर्वीं कांहीं तासांची, पुष्कळदां एका दिवसाचीही मुदत देते. ही मुदत ओळखतां आली व योग्य क्रमानें खर्च केली, तर माणसांचा व जनावरांचा जीव वांचतो. ती वायां गेली, तर शेवटच्या घटकेंत पाण्याची मोटार किंवा बैल आणण्यासाठीं माणसें पाण्यांत उतरतात, व तेथेंच घात होतो. ही मुदत कशी ओळखावी व तिचा उपयोग कसा करावा, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

पाणी कोठून येतें

वैनगंगेचा उगम मध्यप्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत मुंडारा गांवाजवळ आहे. ती प्रथम उत्तरेकडे जाते, मग मोठें वळण घेऊन बालाघाट जिल्ह्यांतून दक्षिणेकडे उतरते व नंतर आपल्या प्रदेशांत येते. वाटेंत तिला बाघ, बावनथडी व सूर या नद्या मिळतात. भंडाऱ्याच्या खालच्या अंगास कन्हान मिळते. या कन्हानेनें त्यापूर्वीं छिंदवाडा व नागपूर या बाजूंचें पाणी व पेंच नदी आपल्या पोटांत घेतलेली असते. पुढें लाखांदूर तालुक्यांत चुलबंद येऊन मिळते. तात्पर्य, भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी व लाखांदूर या तालुक्यांच्या नदीकांठीं जें पाणी दिसतें, त्याचा मोठा भाग आपल्या शिवारांत पडलेला नसतो. म्हणून आपल्या गांवावरील आभाळ हें वैनगंगेच्या पुराचें माप नव्हे. येथें उघाड पडली असतां नदी चढूं शकते, व येथें झड लागली असतां ती शांत राहूं शकते.

वरच्या प्रदेशांतील पाऊस केवढें पाणी घेऊन येतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात् १०,००० लिटर पाणी पडलें. असाच १०० मिलिमीटर पाऊस एका दिवसांत १०,००० चौरस किलोमीटर प्रदेशावर पडला व त्यांतील निम्मा वाहून आला असें धरूं. तेवढ्यानें ५० कोटि घनमीटर पाणी नदींत उतरतें. तें चोवीस तासांत वाहून जावयाचें, तर दर सेकंदास सुमारें ५,८०० घनमीटर एवढा प्रवाह चालला पाहिजे.

या हिशेबांत निम्मा पाऊस वाहून येईल असें धरलें आहे. तें प्रमाण मात्र नक्षत्रागणिक बदलतें. मृग व आर्द्रा या नक्षत्रांत जमीन तहानलेली असते, बोड्या व तलाव रिते असतात, आणि पुष्कळसें पाणी तेथेंच थांबतें. आश्लेषा व मघा लागेपर्यंत जमीन तुडुंब भिजलेली असते, बांध्या भरलेल्या असतात, तलावांचे सांडवे वाहत असतात. तेव्हां तेवढ्याच पावसाचें कितीतरी अधिक पाणी नदीला मिळतें. म्हणून जूनमध्यें जो पाऊस निभावून गेला, तोच ऑगस्टमध्यें निभावेल असें गृहीत धरूं नये.

सन २०२० चा पूर

याचें जवळचें उदाहरण सन २०२० मधील आहे. त्या वर्षीं गणपतीच्या दिवसांत, ऑगस्टच्या अखेरीस, मध्यप्रदेशांत अतिवृष्टि झाली. शिवनी जिल्ह्यांतील संजय सरोवर व पेंच नदीवरील तोतलाडोह आणि नवेगांव खैरी या धरणांतून पाणी सोडावें लागलें. वैनगंगा व कन्हान या दोन्ही वाटांनीं पाणी एकाच सुमारास उतरलें. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत व नदीकांठच्या अनेक गांवांत पाणी शिरलें. गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले, व खालीं पवनी, लाखांदूर, चंद्रपूर जिल्ह्यांतील ब्रह्मपुरी आणि गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंज येथपर्यंत हाहाकार झाला. सुटकेसाठीं आपत्तिनिवारण दलांच्या नावा आणाव्या लागल्या. पुढें सन २०२२ च्या ऑगस्टमध्येंही नदीकांठच्या लोकांस पुन्हां पुराचा प्रसंग आला. या दोन्ही वेळां मघा नक्षत्राच्या आगेंमागेंच पाणी चढलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

धरण पूर कां गिळूं शकत नाहीं

एवढें मोठें धरण असतां पूर कां यावा, असा प्रश्न आमचे पुष्कळ बांधव विचारतात. त्याचें उत्तर आंकड्यांत आहे. पवनी तालुक्यांतील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी सन १९८८ मध्यें झाली. त्याच्या जलाशयाची एकूण क्षमता सुमारें ११४ कोटि ६० लक्ष घनमीटर आहे. नदी दर सेकंदास १०,००० घनमीटर पाणी आणूं लागली, तर हा जलाशय अगदीं कोरडा होता असें मानलें तरी सुमारें बत्तीस तासांत भरून जाईल. ऑगस्टमध्यें तर त्यांत सिंचनासाठीं पाणी सांठविलेलें असतेंच. म्हणजे प्रत्यक्षांत मिळणारा अवकाश याहून पुष्कळच कमी. भरलेल्या धरणांत जेवढें पाणी येतें, तेवढें पुढें सोडण्यावांचून गत्यंतर नसतें.

यावरून दोन गोष्टी निघतात. धरणाच्या खालीं राहणाऱ्या शेतकऱ्यानें धरणांतून किती पाणी सोडलें जात आहे, इकडे लक्ष ठेवावें. धरणाच्या वर राहणाऱ्यानें वरून किती पाणी येत आहे व जलाशयाची पातळी काय आहे, या दोन्हींकडे पाहावें; कारण जलाशयाचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत येतो, व भरलेल्या जलाशयांत उतरणारा पूर सहज पुढें सरकत नाहीं.

सूचना कशी वाचावी

धरणांतून सोडलेल्या पाण्याची सूचना आतां भ्रमणध्वनीवर व वर्तमानपत्रांत येते. परंतु ती वाचतांना एक घोटाळा नेहमीं होतो. कांहीं सूचनांत प्रवाह क्युसेकमध्यें असतो, कांहींत क्युमेकमध्यें. क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट. क्युमेक म्हणजे दर सेकंदास एक घनमीटर. एका क्युमेकांत सुमारें ३५.३ क्युसेक होतात. तेव्हां ३०,००० क्युसेक म्हणजे केवळ ८५० क्युमेक. तेंच ३०,००० क्युमेक असते, तर दहा लक्षांहून अधिक क्युसेक झाले असते. आंकडा तोच, पण एक नदीच्या पात्रांत मावणारें पाणी, आणि दुसरा महापूर. म्हणून आंकडा ऐकतांच माप कोणतें हें अगोदर विचारावें, मगच दुसऱ्यास सांगावें. अर्धवट ऐकलेली बातमी गांवांत एक तर नाहक धांवपळ माजविते, नाहीं तर नाहक निश्चिंत करते.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी किती वेळांत येईल. पुराची लाट दर सेकंदास दीड मीटर वेगानें चालली, तर तासास ५.४ किलोमीटर होतात, व १०० किलोमीटर अंतरास साडेअठरा तास लागतात. मोठ्या पुरांत वेग याहून अधिकही असतो. म्हणून हिशेबांतून निदान एक चतुर्थांश वेळ वजा धरावा. आपल्या गांवापासून वरचें धरण नदीच्या वाटेनें किती किलोमीटरांवर आहे, हें प्रत्येक गांवानें नकाशावरून एकदां काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवावें. संजय सरोवर, बावनथडी, नवेगांव खैरी व धापेवाडा, यांपैकीं ज्यांचें पाणी आपल्याकडे येतें, तेवढ्यांची अंतरें पुरेत.

हवामान खात्याच्या भाषेंत चोवीस तासांतील ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे जोरदार, २०४.४ पर्यंतचा अतिजोरदार, व त्यापुढील अतिशय जोरदार. शिवनी, बालाघाट व छिंदवाडा या जिल्ह्यांस असा इशारा असेल, तर तो आपल्यासाठींच आहे असें समजून कामास लागावें.

गांवचें स्वतःचें माप

बाहेरच्या सूचनेवरच सर्वस्वीं विसंबूं नये. रात्रीं वीज जाते, भ्रमणध्वनी बंद पडतो. म्हणून ज्या ठिकाणाहून पाणी गांवांत शिरतें, तेथें काठावरून सुरक्षितपणें दिसेल असा एक खांब रोवावा व त्यावर अर्ध्या अर्ध्या फुटाच्या खुणा रंगवाव्या. सन २०२० चें पाणी जेथवर आलें होतें, ती खूणही शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर कायमची करावी. पाणी चढूं लागतांच दर तासास खूण पाहून लिहून ठेवावी. तासाला अर्धा फूट पाणी चढत असेल व गांवचा रपटा पाण्याच्या वर दोन फूट असेल, तर वाट बंद होण्यास चार तास आहेत. रात्र असेल, तर ते दोनच आहेत असें समजावें. चढण्याचा वेग कमी झाला म्हणून पूर संपला असेंही मानूं नये. वैनगंगेचें पाणी ओसरूं लागलें असतां कन्हानेचें यावयाचें राहिलेलें असूं शकतें.

येथें एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. पाणी नेहमीं नदीच्या तोंडानें येतें असें नाहीं. नदी फुगली म्हणजे तिला मिळणाऱ्या नाल्याचें पाणी आंत घेण्यास जागा उरत नाहीं. तें तुंबतें, मागें सरतें व गांवाच्या पाठीमागून शिवारांत पसरतें. नदीपासून दूर म्हणून जें घर निर्धास्त असतें, त्याचीच वाट अशा वेळीं सर्वांत आधीं तुटते. म्हणून मापाचा खांब नदीवर एक व नाल्यावर एक, असे दोन असावेत.

तलावाच्या पाळीची काळजी

आपला जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मालगुजारी गेली, पण त्या काळचे तलाव अद्याप आपली शेती भिजवीत आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं हे तलाव मोठ्या अकलेनें बांधले. पुष्कळ ठिकाणीं ते एकाखालीं एक असे आहेत, व वरच्याचें जास्तीचें पाणी खालच्यांत उतरतें. या रचनेचा गुण तोच तिचा धोकाही आहे. वरची पाळ फुटली, तर तें पाणी खालच्या पाळीवर एकदम येऊन आदळतें. नदी एका दिवसाची मुदत देते. फुटलेला तलाव घटकेचीही देत नाहीं.

पाळ फुटण्याचें मोठें कारण म्हणजे सांडव्याची अडवणूक. मासे वाहून जाऊं नयेत म्हणून कोणी सांडव्यावर जाळी व काटक्या बसवितात. जास्त पाणी सांठावें म्हणून कोणी रेतीच्या पिशव्या रचतात. जाळीला पालापाचोळा अडकतो, पाणी तुंबतें, आणि तें पाळीवरून वाहूं लागलें कीं मातीची पाळ पाहतां पाहतां खचते. मच्छीमार बांधवांचा व धानकऱ्यांचा हेतु वाईट नसतो. पण चार मासे व बोटभर पाणी यांसाठीं खालची सबंध वस्ती टांगणीस लावणें योग्य नव्हे. मृगापूर्वीं सांडवा मोकळा करावा, पाळीवरील उंदरांचीं व खेंकड्यांचीं बिळें बुजवावीं, पाळीवर मोठीं झाडें वाढूं देऊं नयेत. झड लागली असतां पाळीच्या खालच्या अंगास गढूळ पाणी पाझरतांना दिसलें, तर तें पाळीच्या पोटांतील माती वाहत असल्याचें लक्षण होय. खालच्या वस्तीस त्याच क्षणीं हलवावें.

मुदतीचा खर्च

सूचना मिळाल्यापासून वाट बंद होईपर्यंत जो वेळ आहे, त्याचे चार भाग करावेत.

पहिल्या भागांत लहान मुलें, गरोदर बाया, म्हातारीं व आजारी माणसें उंच जागीं न्यावीं. यांना हलविण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो, म्हणून त्यांचें काम सर्वांत आधीं.

दुसऱ्या भागांत जनावरें न्यावीं. रात्रीं, अनोळखी पाण्यांत, बैल पाऊल टाकीत नाहीं. दिवसाउजेडीं तो मुकाट्यानें चालतो. नेण्यास वेळ उरला नसेल, तर दावें सोडून द्यावें. मोकळें जनावर पोहून कोठेंतरी लागतें; बांधलेलें गोठ्यांतच मरतें.

तिसऱ्या भागांत बियाणें, चार दिवसांचें धान्य, पिण्याचें पाणी, औषधें, आधारपत्र, बँकेचें पुस्तक व जमिनीचे कागद हलवावे. कागद मेणकापडांत बांधावे. घरांतील विजेचा मुख्य खटका बंद करावा.

चौथा भाग रिकामा ठेवावा. त्यांत कोणतेंही काम काढूं नये व कोणीही नदीकडे जाऊं नये. नदीकांठची मोटार काढावयाची, तर ती पहिल्या सूचनेबरोबरच, वीज तोडून काढावी. तेव्हां जमलें नाहीं, तर ती गेली असें समजावें. मोटारीची किंमत मोठी आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. पण ती पुन्हां विकत घेतां येते.

रपटा ओलांडण्याचा मोह

पुरांतील पुष्कळसे मृत्यु नदींत नव्हे, तर रपट्यावर व ठेंगण्या पुलावर होतात. गुडघ्याएवढें तर पाणी आहे, असें म्हणून माणूस पाय घालतो. परंतु पाण्याचा रेटा खोलीवरून कळत नाहीं. वेग दुप्पट झाला म्हणजे रेटा चौपट होतो. जोरानें वाहणारें अर्धा फूट पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलतें. एक फूट पाणी लहान मोटारगाडीस तरंगवूं लागतें. दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतें. बैलगाडीचें लांकूड तरंगतें व जूं बैलांची मान ओढतें. शिवाय गढूळ पाण्याखालीं रपटा शाबूत आहे कीं मधोमध वाहून गेला आहे, हें कोणासही दिसत नाहीं. पाणी वाहत असतां पलीकडे जाणें नाहीं, असा नियम गांवानेंच करावा, व दोन्ही टोंकांस माणूस उभा करावा.

पूर ओसरल्यावर

पाणी उतरतांच घाईनें घरांत शिरूं नये. सापांनीं उंच जागा, कणग्या व गवताचे भारे धरलेले असतात. ओल्या भिंती ऊन पडल्यावर ढांसळतात. विजेच्या तारा तपासल्यावांचून मोटार चालू करूं नये. विहिरीचें पाणी शुद्ध होईपर्यंत उकळून प्यावें.

शेतांतील पाणी शक्य तितक्या लवकर काढून द्यावें. धान पाण्यांत उभें राहतें. पण शेंड्यासकट बुडालेला धान थोडेच दिवस तग धरतो. सन २००९ मध्यें प्रसारित झालेला स्वर्णा सब-१ हा वाण सुमारें दोन आठवडे पूर्ण बुडूनही पुन्हां फुटतो, असें आढळलें आहे. ज्यांच्या बांध्या दरवर्षीं बुडतात, त्यांनीं याबाबत साकोली येथील कृषि संशोधन केंद्रांत विचारणा करावी.

नुकसानीच्या कागदांविषयीं दोन शब्द. महसूल खात्यांतील नोकरींत पंचनाम्यांचे पुष्कळ कागद नजरेखालून गेले; त्यांत वारंवार दिसलेली उणीव एकच, ती म्हणजे मोघमपणा. ‘पीक बुडालें’ एवढ्यानें भागत नाहीं. कोणत्या गटांत, किती क्षेत्रांत, किती दिवस पाणी होतें, हें लिहविलें पाहिजे. पीकहानीच्या मदतीस निदान ३३ टक्के नुकसान असावें लागतें. शेतांत तीन इंचांहून अधिक वाळू किंवा गाळ सांचला असेल, तर तो काढण्याच्या मदतीचें कलम निराळें आहे. म्हणून गाळाची जाडी मोजून, फूटपट्टी उभी करून छायाचित्र घ्यावें, व पंचनामा होईपर्यंत गाळ हलवूं नये. ई-पीक पाहणीची नोंद हंगामांतच करून ठेवावी. मेलेल्या जनावराचा पंचनामा पशुवैद्याच्या दाखल्यासह करवून घेऊन मगच तें पुरावें.

शेवटची विनंति

वर सांगितलेल्या गोष्टींपैकीं बहुतेकांस पैसा लागत नाहीं. लागतो तो ज्येष्ठांतील एक दिवस. त्या दिवशीं गांवानें बसून सहा कामें करावीं : खांबांवर खुणा रंगविणें, धरणांचीं अंतरें भिंतीवर लिहिणें, सांडवा मोकळा करणें, उंच जागा ठरविणें, जीं माणसें चालूं शकत नाहींत त्यांच्या घरांची यादी करणें, आणि रात्रीं खूण पाहण्याची पाळी लावणें. जिल्ह्याच्या आपत्ति नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक व तांतडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक प्रत्येक घरीं लिहिलेला असावा. नदीकांठच्या गांवांतील सभासदांनीं आपल्या संघाच्या पुढील बैठकीपूर्वीं ही यादी पुरी करून आणावी, म्हणजे वरच्या गांवानें खालच्या गांवास रात्रीं-अपरात्रीं कळविण्याची सांखळी बांधतां येईल. तुमसरच्या शेतकऱ्याने पाहिलेलें पाणी लाखांदुरास पोंचण्यापूर्वीं त्याचा शब्द तेथें पोंचला पाहिजे.